पडदा गेला, संगणक नव्हे

आमच्या भागात घरचा संगणक बिघडला की एकच वाक्य कानी येते, ‘सर, डिस्प्लेच येईना झालाय.’ मी मराठी शिकवणारा माणूस. पण स्टाफरूममधल्या संगणकाशी वीसेक वर्षांची सोबत असल्याने विद्यार्थी हक्काने विचारतात.

गेल्या पावसाळ्यात निपाणीहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. वडिलांनी निवृत्तीनंतर घराण्याची हकीगत आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून ठेवलेल्या. पडदा काळा झाला आणि दुरुस्तीवाल्याने सांगितले, ‘जुना आहे, भंगारात द्या.’ म्हणजे ओव्याही भंगारातच जाणार होत्या!

वाचकहो, इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. पडद्यावरचे चित्र तयार करते ते ग्राफिक्स कार्ड. आपले लेखन असते ते हार्ड डिस्कवर. कार्ड जळाले तरी डिस्कवरचे अक्षर हलत नाही. आरसा फुटला म्हणून चेहरा बिघडतो का?

तेव्हा शोध पायरीपायरीने घ्यावा. आधी मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू दिसतो का पाहावे. दिसला तर मॉनिटर बहुधा ठीक. मग कीबोर्डावरची ‘नम लॉक’ कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जिवंत आहे, फक्त दाखवत नाही. केबल मागे नीट बसली आहे का आणि ती कार्डाच्याच खाचेत आहे का, तेही पाहावे. पुष्कळदा ती चुकून मदरबोर्डच्या खाचेत लावलेली असते.

चित्र येते पण रेघा, ठिपके, वेडेवाकडे रंग दिसतात. तर ते कधीपासून दिसतात हे महत्त्वाचे. सुरू होताना कंपनीचे बोधचिन्हच फाटके दिसले तर दोष यंत्रात, म्हणजे कार्ड, केबल किंवा मॉनिटर यांपैकी एकात. विंडोज आल्यावरच बिघडत असेल तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे कार्डाला हुकूम पोहोचवणाऱ्या प्रोग्रामवर. त्यासाठी सेफ मोडमध्ये जाऊन तो काढून पुन्हा घालावा. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. खेळ खेळतानाच संगणक बंद पडत असेल तर उष्णता किंवा वीजपुरवठा तपासावा. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डाला वेगळी वायर जोडावी लागते.

आमच्याकडे बेळगावची पावसाळी ओल आणि निपाणीची तंबाखूची धूळ, दोन्ही पंख्याच्या वैरी. साफ करताना प्लग काढावा, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडावी. कार्डाच्या सोनेरी कडा खोडरबराने हलके पुसाव्यात. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

त्या घरी नम लॉकचा दिवा लागत होता. मी फोनवर सांगत गेलो, मुलाने कार्डच बाहेर काढले आणि केबल मदरबोर्डच्या खाचेत लावली. पडदा उजळला! कार्डाचा पंखा धुळीने जाम झाला होता. पण आणखी एक घोटाळा निघाला. पडदा स्वच्छ, आणि ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. हा दोष कार्डाचा नव्हे, फाँटचा. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात होता. तो फाँट बसवला की अक्षरे परत येतात. मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ठेवावीत.

या फाँटावरून मला नेहमी जिस्ट कार्ड आठवते. १९८१ च्या आयबीएम पीसीचे साधे कार्ड ठरावीक इंग्रजी अक्षरेच दाखवी. आपली जोडाक्षरे, काना-मात्रा त्याला कुठून जमणार? आयआयटी कानपूरला सुरू झालेले काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले आणि संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड आले. भारतीय लिप्या पडद्यावर उमटू लागल्या. त्यामागच्या इस्की संकेताला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्यात एका ध्वनीला सर्व लिप्यांत एकच क्रमांक. ‘क’ मराठीचा असो वा कन्नडचा, क्रमांक तोच आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डावरची कळही तीच! सीमेवर पाट्यांच्या लिपीवरून माणसे भांडत असताना त्या कार्डाला दोन्ही लिप्या एकाच घरच्या वाटत होत्या.

पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि एक्सपीमध्ये कन्नड आले, तेव्हा अशा खास कार्डाची गरज संपली. पण त्या मधल्या काळात आमच्या भागात टाइप झालेले कितीतरी लेखन अजून जुन्या संगणकांत पडून आहे. संमेलनांची भाषणे, गावांचे इतिहास, कुणाच्या आईच्या ओव्या. संगणक भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी डिस्क काढून घ्या, दुसऱ्या संगणकाला जोडा आणि फायली दोन ठिकाणी उतरवून ठेवा. जाणकार माणसाला तासाभराचे काम आहे. या रविवारी कराच.