दोष नोंदविण्याचा हक्क आणि आपली मुले

निफाड किंवा येवल्याहून नाशिकच्या जिल्हा न्यायालयात येणारा पक्षकार आपल्या खटल्याची पुढची तारीख आता मोबाइलवर पाहतो. ही तारीख ज्या यंत्रणेतून त्याच्या हाती येते, ती कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक आपल्या समाजाने तो विचारला पाहिजे. कारण त्याचे उत्तर आपल्या मुलांच्या उद्याशी निगडित आहे.

न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट प्रकल्प 2007 साली सुरू झाला. या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. खटल्यांची नोंद ठेवणारे सीआयएस हे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुण्यात विकसित केले. न्यायाधीशांना आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांना उबुंटू या लिनक्स प्रणालीचे प्रशिक्षण देण्यात आले. म्हणजेच ज्या देशात ज्ञानाला कुलूप लावण्याची परंपरा हजारो वर्षांची, त्या देशाच्या न्यायव्यवस्थेने ज्याला कुलूपच नाही असे सॉफ्टवेअर पत्करले. ही साधी गोष्ट नव्हे.

युनिक्स ही प्रणाली 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. पुढे तिच्यावर कंपनीचे हक्क आले, परवान्याचे पैसे आले. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, पण सर्वांना मुक्त अशी प्रणाली उभारण्याची घोषणा केली. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला व जगापुढे खुला केला. 1993 साली डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प सुरू झाला आणि 2004 साली त्याच डेबियनच्या पायावर उबुंटू उभे राहिले. या प्रणाली कोणीही वापराव्या, आतून उघडून वाचाव्या, बदलाव्या आणि दुसऱ्याला द्याव्या, हा हक्क परवान्यातच लिहिलेला आहे.

आपल्याकडे याचा अर्थ ‘फुकट मिळते’ एवढाच घेतला जातो. फुकट तर शिधाही मिळतो. फुकट घेणारा मिंधा असतो, हक्काने घेणारा मिंधा नसतो. आमच्या मते या प्रणालींमधील खरी मोलाची वस्तू म्हणजे तक्रारीचा हक्क. डेबियनने 1997 साली एक सामाजिक करार जाहीर केला. आमच्यातील दोष आम्ही लपविणार नाही, दोषांची नोंद सर्वांना पाहता येईल, असे वचन त्यात आहे. 1998 साली या प्रकल्पाने स्वतःचे संविधानही स्वीकारले. दरवर्षी नेता मतदानाने निवडला जातो आणि सभासदांना ठरावाद्वारे त्याचा निर्णय फिरविता येतो. नाशिकच्या एखाद्या अभ्यासिकेतील मुलीने दोष कळविला, तर तिच्या तक्रारीला न्यायालयातील दाव्यासारखाच क्रमांक पडतो. तो क्रमांक कोणाला पुसता येत नाही. 2021 साली या क्रमांकांनी 10 लाखांचा आकडा ओलांडला. दहा लाख वेळा कोणीतरी ‘हे चुकते आहे’ असे लिहिले, म्हणून ही प्रणाली आज भरवशाची आहे.

तक्रार करणारा माणूस किती मोठे काम करतो, हे मार्च 2024 मध्ये जगाने पाहिले. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते आपल्या दुसऱ्याच कामासाठी डेबियनवर चाचण्या घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच त्यांच्या लक्षात आले. त्यांनी दुर्लक्ष केले नाही. मागोवा घेता घेता एक्सझेड या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये लपविलेला चोरदरवाजा सापडला आणि 29 मार्च रोजी त्यांनी तो जाहीर केला. हा दरवाजा सर्वत्र पोहोचला असता तर जगातील असंख्य संगणक परक्याच्या हाती गेले असते. सॉफ्टवेअर उघडे नसते तर आत पाहणार कोण आणि कसे?

आता मराठीकडे येऊ. ‘आचार्यांना जेवण द्या’ आणि ‘आचाऱ्यांना जेवण द्या’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात विद्वान जेवतो, दुसऱ्यात स्वयंपाक करणारा. हा फरक एका अर्ध्या र मुळे पडतो आणि तो र मराठीला हवाच. संगणकावर तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसेल, तर तीनशे पानांच्या कागदपत्रांत ‘अधिकाऱ्यांनी’ हा शब्द शोधणाऱ्या वकिलाला निम्मे उल्लेख सापडणारच नाहीत. अत्याचाराच्या खटल्यात ‘अधिकाऱ्यांनी’ काय केले आणि काय केले नाही, यावरच निकाल फिरतो. अशा वेळी हा प्रश्न व्याकरणाचा उरत नाही, तो पुराव्याचा होतो.

असे दोष आपोआप दुरुस्त होत नाहीत. ज्याला मराठी येते त्यानेच ते दाखवावे लागतात. रेड हॅटने 2004 साली लोहित हा भारतीय लिप्यांचा फॉन्टसंच मुक्त परवान्यावर खुला केला आणि त्याच्या देखभालीचे मोठे काम पुण्यात झाले. डेबियनच्या स्थापनेचे पडदे मराठीत आले, तेही कोणीतरी एकेक वाक्य बसून लिहिले म्हणून. उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. नवी आवृत्ती म्हणजे नवी वाक्ये, नवे दोष. भाषांतर एकदा करून संपत नाही. करणारे हात थांबले की मराठी पुन्हा मागे पडते.

मग हे हात कोणाचे? येथे आम्हास स्पष्ट बोलले पाहिजे. या जगाचे दार उघडे आहे हे खरे, पण उंबरठाही आहे. तक्रार इंग्रजीत लिहावी लागते. स्वयंसेवा करायला मोकळा वेळ लागतो. दिवसा अंबड-सातपूरच्या कारखान्यात आणि रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाकडे तो कोठून येणार? आणि या क्षेत्रात ‘येथे केवळ गुणवत्ता पाहिली जाते’ असे वाक्य वर्षानुवर्षे अभिमानाने म्हटले गेले. हे वाक्य आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. संधी कोणाला मिळाली हे न विचारता गुणवत्ता मोजणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिलाने 2018 साली आपल्या कारभाराच्या वर्णनातून गुणवत्ताशाहीचा शब्द काढून टाकला. म्हणजे हा प्रश्न तेथील लोकांनाही पटू लागला आहे. पण तो आतून विचारणारी आपली माणसे तेथे असतील, तरच तो पुढे जाईल.

आम्ही वकिलीत रोज मसुदे लिहितो. दाव्याचा मसुदा आणि दोषाची तक्रार यांत आम्हास फारसे अंतर दिसत नाही. कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, हे झाले पक्षकारांचे वर्णन. आम्ही काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ही झाली हकिकत. पुन्हा तसेच केले तर पुन्हा तसेच होते काय, हा झाला पुरावा. शेवटी मागणी. शिवीगाळ नको, रडगाणे नको, तारीखवार वस्तुस्थिती हवी. निवेदने आणि अर्ज लिहिण्यात आपल्या कार्यकर्त्यांची हयात गेली आहे. हे कौशल्य आपल्याकडे भरपूर आहे, ते फक्त या मैदानात उतरविण्याची गरज आहे.

सुरुवात कोठून करावी? 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार थांबविला. देणगीत मिळालेले अनेक जुने संगणक नव्या विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. विहारांच्या अभ्यासिकांत, वसतिगृहांत असे संगणक असतील तर ते भंगारात देऊ नका. त्यांवर डेबियन किंवा उबुंटू बसवा. शेजारी एक साधी वही ठेवा. ज्याला जी अडचण येईल ती त्याने मराठीत, तारखेसह लिहावी. महिन्यातून एका रविवारी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी, नोकरी करणाऱ्या संगणक अभियंत्यांनी एकत्र बसावे. ज्या अडचणीचे उत्तर माहीत आहे ते तेथेच द्यावे, आणि जो खरा दोष आहे तो इंग्रजीत मांडून प्रकल्पाकडे नोंदवावा. ज्याला इंग्रजी येते त्याने ज्याला येत नाही त्याचा लेखनिक व्हावे, पण तक्रारीवर नाव मूळ तक्रारदाराचे असावे, त्याची तशी इच्छा असेल तर.

नावाचा आग्रह आम्ही उगाच धरीत नाही. त्रिरश्मी लेण्यांत राजघराण्यांचे शिलालेख आहेत, तसेच मुगुदास नावाच्या मच्छीमाराच्या आणि धंभिक नावाच्या गावाच्या दानाचेही लेख आहेत. ज्याने जेवढे दिले तेवढे त्याच्या नावाने दगडावर राहिले. मुक्त प्रणालीतही प्रत्येक दुरुस्तीपुढे करणाऱ्याचे नाव आणि तारीख राहते. आपले श्रम नेहमी बिननावाने वापरले गेले. येथे तसे होण्याचे कारण नाही. नोकरीच्या मुलाखतीत हीच नोंद दाखविता येते, आणि ती आडनावाच्या जोरावर मिळत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. एक्सझेडचा सांभाळ अनेक वर्षे मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक करीत होता. त्याच्या थकव्याचा फायदा घेऊन, खोट्या नावाने वावरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि घात केला. कंपन्या अब्जावधी कमावतात आणि पाया सांभाळणारा एकटा राबतो, हा अन्याय आहे. म्हणून आपल्या मुलांनी एकेकट्याने राबू नये, गटाने काम करावे. आणि ज्या सरकारी कार्यालयांचा कारभार मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, त्यांनी ते सांभाळणाऱ्यांना, मराठीचे काम करणाऱ्यांना रीतसर मानधन द्यावे, ही मागणी आपण लेखी केली पाहिजे.

दुसऱ्याने बनविलेली वस्तू निमूटपणे वापरणारा केवळ ग्राहक असतो. त्या वस्तूतील दोष दाखविणारा आणि तो दूर करणारा तिचा भागीदार होतो. लिनक्सच्या जगात भागीदारीचा अर्ज कोणाच्या शिफारशीशिवाय करता येतो. तो आपण मोठ्या संख्येने करावा. येत्या रविवारी वही उघडावी आणि पहिली तक्रार लिहावी.