आधी पूर्वपक्ष तरी नीट मांडा

मॉर्मन चर्च सोडलेल्या माणसाने त्या श्रद्धेविषयी बोलूच नये, असे श्रद्धावंत म्हणतात. दुखावलेल्याची साक्ष काय धरायची? त्याच्यासारखेच बाहेर पडलेले काहीजण उलट विचारतात, जिने उमेदीची वर्षे खाल्ली त्या संस्थेशी न्यायाने वागायचे कशाला? दोन्ही आक्षेप लंगडे आहेत.

उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याने वर्षानुवर्षे दिला, ऐन तारुण्यात दोन वर्षे दारोदार प्रचार केला, त्याला ती श्रद्धा आतून ठाऊक असते. रागाने ज्ञान पुसले जात नाही. त्याचे म्हणणे तपासून घ्यावे, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त फसवा, कारण अन्यायाने केलेल्या टीकेचा नेम चुकतो. मॉर्मनांना मेल्यावर स्वतःचा ग्रह मिळतो, हा अमेरिकेतला घिसापिटा विनोद. श्रद्धा अशी की माणूस ईश्वराचे अपत्य आहे आणि अनंतकाळात वाढत तो ईश्वरासारखा होऊ शकतो. इतर ख्रिस्ती पंथांना हे पाखंड वाटते, वाटो. (अद्वैत ऐकत वाढलेल्यांनी तरी हसू नये, जरी दोन्ही गोष्टी एक नव्हेत.)

मृतांच्या बाप्तिस्म्याचेही तसेच. जिवंत माणूस मृताच्या वतीने पाण्यात उतरतो. तो बाप्तिस्मा स्वीकारायचा की नाकारायचा हे मृताच्या आत्म्याने ठरवायचे, अशी धारणा. ‘हे प्रेते बुडवतात’ म्हणणाऱ्याचे पुढचे कोणी ऐकत नाही. विधी नीट सांगितला की खरा प्रश्न टोचू लागतो: ज्यू म्हणून नाझींनी मारलेल्यांची नावे त्यात कोणाला विचारून घातली? १९९५ मध्ये चर्चने ज्यू संघटनांना हे थांबवण्याचे वचन दिले. त्यानंतरही अशी नावे सापडत राहिली.

बहुपत्नीत्व चर्चने १८९० मध्ये जाहीरपणे सोडले, आज ते करणाऱ्याला बहिष्कृत केले जाते. हे लपवून टीका करणे लबाडी होय. पण संस्थापक जोसेफ स्मिथच्या पत्नींपैकी एकीला विवाहावेळी पंधरावे वर्षही पुरे नव्हते, हे २०१४ मध्ये चर्चनेच लिहून मान्य केले. कृष्णवर्णीय पुरुषांवरची पौरोहित्याची बंदी उठायला १९७८ उजाडले. असल्या गोष्टींना तिखटमीठ लावावे लागत नाही.

तेव्हा बाहेर पडलेल्यांनो, सॉल्ट लेक सिटीतल्या तुमच्या श्रद्धाळू बहिणीने ‘होय, मी हेच मानते’ म्हणावे, अशी तिची बाजू आधी लिहा. मग खुशाल खोडून काढा.