इथेनॉलातले पाणी आणि सभासदाचा पैसा



डिस्टिलरीत सिरॅमिक मेंब्रेन बसवावे की नाही, याची चर्चा सध्या गटागटांत चालू आहे. कोणी म्हणतो, "मातीच्या नळ्यांत पैसा कशाला घालायचा?" कोणी म्हणतो, "नवीन निघालंय, घेऊन टाका." आमच्या मते दोन्ही बोलणी घाईची आहेत.

मूळ अडचण अशी. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध लागते. पण साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनी ९५.६ टक्क्यांपर्यंतच येते. पुढे पाणी आणि अल्कोहोल जोडीनेच उकळतात. हे उरलेले पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह वापरतात. तिचे दाणे पाण्याने भरले की सुकवावे लागतात. त्यासाठी तयार इथेनॉलातलाच काही भाग खर्ची पडतो, आणि तो ओला झालेला माल पुन्हा ऊर्ध्वपातनाला चढवावा लागतो. त्याला लागणारी वाफ काही फुकट येत नाही.

मेंब्रेनची नळी ॲल्युमिनाची असते, तिच्यावर झिओलाइटचा पातळ थर. त्याची छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा रेणू जातो, अल्कोहोलचा मागे राहतो. पलीकडे निर्वात ठेवला की पाणी वाफ होऊन निघून जाते. सुकवण्यासाठी थांबणे नाही. शिवाय वाफ करायची ती मुख्यतः पाण्याची, सगळ्या अल्कोहोलची नव्हे. जपानच्या मित्सुई कंपनीच्या अशा प्रकल्पाची माहिती २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यात ९० टक्क्यांच्या द्रावकातले पाणी ०.२ टक्क्यांच्या खाली आणले होते. म्हणजे ही गोष्ट हवेतली नाही.

पण खोटही सांगितली पाहिजे. या थराला आम्ल सोसत नाही. नळी ठिसूळ, तडकली की पाण्याबरोबर अल्कोहोलही जाते. आणि सीव्हला ऊर्ध्वपातनाची वाफ थेट मिळत असेल, तर बचत सांगतात तेवढी होत नाही.

बैल घेताना आपण दात बघतो, औताला जुंपून बघतो. मग यंत्र नुसत्या माहितीपत्रकावर का घ्यायचे? आमचे म्हणणे तीन कलमी आहे. एक, आपल्याच स्पिरिटवर पूर्ण एक हंगाम लहान प्रमाणात चाचणी व्हावी. दोन, लिटरमागे वाफ किती लागली, याचा आधीचा आणि नंतरचा आकडा याच पत्रकात छापावा. तीन, नळ्या किती वर्षे टिकतील हे पुरवठादाराने लेखी द्यावे, आणि मुदतीआधी गेल्या तर त्याने स्वखर्चाने बदलून द्याव्यात.

हे होईपर्यंत ऊसबिलातून एक रुपयाही ठेव कापू नये. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर एकाएकी बंधन आले. सरकारचे धोरण फिरले म्हणून कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

वाफ वाचली तर बगॅस वाचेल, आणि वाचलेल्या बगॅसचा पैसा ऊसदरात दिसला पाहिजे. तो कसा दिसणार, हे सभेत विचारा. उत्तर मिळाल्यावरच हात वर करा.

— एक ऊस उत्पादक सभासद