व्हीपीएन उभारण्याआधी

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी पेटली. निमित्त समाजमाध्यमावरच्या पोस्टचे. मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातले इंटरनेट बंद झाले. अशा प्रसंगानंतर सांगली-साताऱ्यातले आपले तरुण म्हणतात, समाजाचा स्वतःचा मोठा व्हीपीएन हवा.

कळकळ खरी आहे. पण मित्रांनो, आधी यंत्र समजून घेऊ. व्हीपीएन म्हणजे तुमच्या फोनपासून एका सर्व्हरपर्यंतचा कुलूपबंद रस्ता. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे मोबाइल कंपनीला दिसत नाही. सर्व्हर चालवणाऱ्याला मात्र कळू शकते. विश्वास ठेवावा लागतोच, फक्त माणूस बदलतो. आणि इंटरनेटच बंद असेल, तर व्हीपीएनही बंद.

आता कायदा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, लोकांना व्हीपीएन पुरवणाऱ्याने ग्राहकांची नावे, पत्ते आणि संपर्क क्रमांक किमान पाच वर्षे जपायचे आहेत. नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन यांनी त्यामुळे भारतातले सर्व्हर काढून घेतले. आपण हजारोंसाठी व्हीपीएन उघडला, तर आपल्याच माणसांची यादी आपल्याच हाताने तयार होईल. ती फुटली तर जबाबदार कोण?

म्हणून मोठ्याचा हट्ट सोडू. आस्थापनांच्या अंतर्गत व्हीपीएनला ग्राहकांच्या नोंदीची ही अट लागू नाही, असा खुलासा सर्ट-इननेच केला आहे. वकिलाचा सल्ला घेऊन एखाद्या कायदेशीर मदत केंद्राने आपल्या कार्यकर्त्यांपुरते लहान जाळे उभारावे. वायरगार्ड मोफत आहे, भाड्याचा छोटा सर्व्हर पुरतो. अवघड आहे ती अमानत सांभाळणे. चाव्या कोणाकडे, कोणती नोंद ठेवायची, कोणती पुसायची, तपासणी कोण करणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. वसंतदादांच्या सांगलीने सहकार उभा राहताना पाहिला, तसे बुडालेल्या ठेवींसाठी हेलपाटे घालणारे ठेवीदारही पाहिले.

इंटरनेट बंद होईल त्या दिवसासाठी मोहल्ल्यातल्या, शेजारच्या गल्लीतल्या सर्वधर्मीय जबाबदार माणसांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. बंदीचा आदेश प्रसिद्ध झालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी बजावले आहे. तो आदेश मागा. ते मागायला व्हीपीएन लागत नाही.