कंत्राटातील न्याय आणि आपली जागरूकता



सरकारी कंत्राट हे पैसेवाल्यांचे काम, आपले नव्हे, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. बाबासाहेबांना तो मान्य नव्हता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात सरकारी कंत्राटांत अस्पृश्य समाजाला वाटा मिळत नाही, हीही तक्रार होती. ज्या पैशातून रस्ते व शाळा उभ्या राहतात तो पैसा जनतेचा आहे. त्याच्या वाटपातील पक्षपात हा समतेच्या हक्काचा भंग होय.

हा केवळ आमचा दावा नव्हे. १९७७ साली मुंबई विमानतळावर उपाहारगृह चालविण्यासाठी निविदा मागविण्यात आल्या. निविदा भरणारा नोंदणीकृत हॉटेलचालक असावा व त्यास किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. ज्याची निविदा मंजूर झाली त्यास अनुभव होता तो कँटीन चालविण्याचा. रमण दयाराम शेट्टी यांनी त्यास आव्हान दिले. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती भगवती यांच्या मुखाने सांगितले की, सरकारने जी अट घातली ती सरकारलाही बांधते. मनास येईल तेव्हा ती सोडून देणे म्हणजे संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाचा भंग करणे होय.

तत्त्व विजयी झाले. पण अर्जदाराच्या पदरात काय पडले? काहीही नाही! निविदा एप्रिलमध्ये मंजूर झाली होती आणि अर्ज नोव्हेंबरमध्ये झाला. मधल्या काळात दुसऱ्या पक्षाने सव्वा लाख रुपये खर्च केले होते. शिवाय अर्जदार दुसऱ्या कोणासाठी लढत आहे, असेही न्यायालयास दिसले. म्हणून कंत्राट कायम राहिले. अन्याय सिद्ध होऊनही दाद मिळाली नाही.

पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात न्यायालयाने आपली मर्यादा स्पष्ट केली. कोणाची निविदा चांगली हे न्यायालय ठरवीत नाही. निर्णय कोणत्या रीतीने झाला, एवढेच ते तपासते. २००६ च्या जगदीश मंडल खटल्यापासून आणखी एक प्रश्न विचारला जातो: यात सार्वजनिक हिताला बाध येतो काय? तेव्हा “आमच्यावर अन्याय झाला” एवढे म्हणून भागत नाही. कोणती अट कोणी मोडली, हे कागदाने दाखवावे लागते.

म्हणून वाचकहो, निविदेची अट अन्यायाची वाटली तर निविदा भरण्यापूर्वीच लेखी हरकत घ्या. निविदा नाकारली गेली तर त्वरित कारण विचारा. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार केंद्राच्या खात्यांना ते सांगावे लागते. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. एवढ्याने भागले नाही तर २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात विनाविलंब जा.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरा. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी राखलेला आहे. बौद्ध झालात म्हणून तो हक्क गेला, असे कोणी सांगेल तर मानू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींची मान्यता मिळाली आहे.

परंतु सारा भार दुर्बळावरच का? उच्च न्यायालयाची पायरी लहान ठेकेदारास परवडत नाही, आणि ज्याने निर्णय केला त्याच्याच खात्याकडे तक्रार करून काय साधणार? तामिळनाडूने १९९८ साली व राजस्थानने २०१२ साली कायदा करून अपिलाची सोय केली. केंद्राचे २०१२ चे विधेयक मात्र २०१४ साली लोकसभेबरोबर संपले. निर्णय जाहीर झाल्यावर करारावर सही होण्यापूर्वी काही दिवसांची सक्तीची मुदत असावी आणि त्या मुदतीत अल्प खर्चात स्वतंत्र मंडळापुढे दाद मागता यावी, ही आमची मागणी आहे. करार होऊन काम सुरू झाल्यावर मिळालेला न्याय हा नुसता कागद होय.

तथागतांनी अप्पमादाची, म्हणजे अखंड जागरूकतेची, शिकवण दिली. ती विहारापुरती नाही. हक्काचा कागद वाचताना, त्यावरची तारीख पाहताना आणि हरकतीचा अर्ज लिहितानाही ती आपल्या ठायी असली पाहिजे.

जय भीम!