बेकारीवर टोल

मुक्ताईनगरचा माझा मावसभाऊ बी.ए. झाला. डिग्रीवर बहिणाबाईंच्या विद्यापीठाचा शिक्का, खिशात अर्जाच्या पावत्या. २०२३ ची तलाठी भरती घ्या. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांवर. फी खुल्याला हजार, राखीवला नऊशे. हजारो वर्षांच्या हिशेबाची सूट, शंभर रुपये! सगळ्यांची नऊशेच धरली तरी नव्वद कोटी, तेही बेकारांच्या खिशातून. त्याच सप्टेंबरात सरकारनं नऊ एजन्स्यांना कंत्राटी भरतीचं रान मोकळं केलं. कंत्राटात आरक्षण कोण विचारतो? बोंब उठली तेव्हा ऑक्टोबरात जीआर रद्द.

मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो. पण आमचा मुकादमसुद्धा कामाला लावायच्या आधी नऊशे मागत नाही. मागून तर बघ म्हणावं! भरतीची फी बंद करा, आणि घेतलेली परत द्या.