कॉम्प्युटर म्हातारा झालेला नाही

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी विंडोज ११ चढवण्याची धांदल उडाली. तेव्हापासून एकच रड कानावर येते: ‘अपडेट केलं आणि कॉम्प्युटर मेला.’ मेलेला नसतो. चहा होऊन पिऊन होईस्तोवर तो चालू होत असतो. वर्डची फाईल उघडावी तर पंखा घरघरतो आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कसमोर १०० टक्के दिसतात. दुकानदार बघून न बघितल्यासारखं करत सांगतो, ‘जुना झालाय, नवीन घ्या.’

हा निकाल मला मान्य नाही. काल धड चालणारं यंत्र एका रात्रीत म्हातारं होत नाही. त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढतं. हार्डवेअर जितकं वेगवान होतं, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावतं, असं पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५मध्येच मांडलं होतं. त्याच वर्षी आलेलं विंडोज ९५ किमान ४ एमबी रॅमवर चालायचं. विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजारपट. सोसायटीच्या सभेची नोटीस मात्र तेव्हाही एकाच पानाची होती.

शिवाय ४ जीबीवर विंडोज ११ बसतं एवढंच. ते सुखाने चालेल असं नाही. ब्राउझर उघडला, मागे अँटिव्हायरस चालूच आहे, की रॅम संपते आणि उरलेला कारभार डिस्कवर ढकलला जातो. २०१८-१९च्या सुमारास आपल्याकडे खपलेल्या स्वस्त लॅपटॉपांत ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क ही जोडी सर्रास असे. खरी गोची या डिस्कची आहे. अशा यंत्रावर अपग्रेड देऊ करताना विंडोज बनवणाऱ्या कंपनीने हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं. ते न सांगणं हा माझ्या मते लबाडपणाच.

तेव्हा आधी एक-दोन दिवस धीर धरा. अपग्रेडनंतर फायलींची नोंदणी आणि उरलेली अपडेट मागे चालू असतात. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा. तरी रखडलं तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि जागा असेल तर रॅम वाढवा. नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. आणि मागेच फिरायचं असेल तर घाई करा: सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परतण्याची मुदत साधारणपणे अपग्रेडनंतर फक्त १० दिवसांची असते.